‘सवय होईल’ म्हणतील, तेव्हा थांबा: रुग्णालयात सफाईची रसायनं हाताळणाऱ्या नव्या माणसासाठी

पहिल्याच आठवड्यात एखादं जुनं माणूस तुम्हाला मायेनं सांगेल, “डोळे चुरचुरतात ना? सुरुवातीला होतंच तसं. सवय होईल.” मलाही असंच सांगितलं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं मी नव्या मुलींना हेच सांगत आले. ते किती चुकीचं होतं हे मला कळलं ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मावशींना पायऱ्या चढताना मधेच बसलेलं पाहिलं तेव्हा. बारा वर्षं त्या पोछा आणि हायपोची, म्हणजे ब्लीचची, बादली घेऊन वॉर्ड फिरल्या होत्या. त्यांना सवय झाली होती, अगदी पूर्ण.

सवय होते ती नाकाला. तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक तो कळवणं बंद करतं. हवेतलं रसायन मात्र तेवढंच राहतं. फुप्फुसांचं अनेकदा उलटच होतं. काही रसायनं अशी असतात की वर्ष-दोन वर्षं काहीही त्रास होत नाही, आणि मग एक दिवस नुसती वाफ लागली तरी छातीत घरघर सुरू होते. शरीर त्या रसायनावर चिडायला शिकलेलं असतं, आणि एकदा शिकलं की ते सहसा विसरत नाही. अमेरिकेतल्या ७३,२६२ नर्सेसचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी जंतुनाशकांनी पृष्ठभाग किंवा उपकरणं साफ करणाऱ्या नर्सेसमध्ये सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, जास्त प्रमाणात आढळला.

हे वाचून काम सोडायचं नाहीये. रुग्णालय स्वच्छ ठेवणाऱ्या हातांवर रुग्णांचे जीव अवलंबून असतात. फक्त ते काम पहिल्या दिवसापासून नीट शिकून करायचं आहे. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: पोछा उचलण्याआधी स्टोअर पाहा

रुजू झाल्यावर इन्चार्जला विचारून रसायनांच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं उभे राहा. एक छोटी वही घ्या. कपाटात काय काय आहे, ते कशासाठी वापरतात आणि किती टक्क्यांचं आहे, हे स्वतःच्या हातानं लिहून काढा. ही वही पुढे फार कामाला येते, एकदा तर कदाचित डॉक्टरांसमोरही.

बहुतेक ठिकाणी तुम्हाला ही मंडळी भेटतील. हायपो किंवा ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. संडासाचा क्लीनर, ज्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशीची रंगीत, सुवासिक द्रव्यं. यांतल्या बऱ्याच द्रव्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी ‘क्वाट’ गटातली रसायनं असतात. वास गोड असला तरी ती त्वचेवर चट्टे आणू शकतात आणि दमाही जडवू शकतात. फिनॉल गटातली जंतुनाशकं. नवजात बाळांच्या पाळण्यांना आणि इनक्युबेटरला ही वापरत नाहीत, कारण बाळांच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं द्रव्य, त्यानं वाढल्याचं दिसलं आहे. मग ७० टक्के अल्कोहोल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॅसिटिक ॲसिड. आणि आतल्या खोल्यांमध्ये, म्हणजे एन्डोस्कोपी, ओटी (शस्त्रक्रियेची खोली), लॅब आणि निर्जंतुकीकरण विभागात, ग्लुटाराल्डिहाइड, ओपीए, फॉर्मॅलिन आणि इथिलीन ऑक्साइड. या चौघांबद्दल पुढे वेगळं सांगते.

स्टोअरमध्ये एक गोष्ट मुद्दाम शोधा: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं रसायन. दिसलं तर हात न लावता लगेच इन्चार्जला दाखवा. तहानलेला माणूस बाटली उचलून तोंडाला लावतो, तेव्हा वास घेऊन पाहत नाही. लेबल नसलेला डबा म्हणजे अनोळखी रसायन, मग त्यात काय आहे हे कुणी कितीही छातीठोक सांगो.

पायरी २: लेबल आणि डेटा शीट वाचायला शिका

संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये रसायनांच्या लेबलांची एक जागतिक पद्धत स्वीकारली. त्यामुळे आता अनेक देशांत एकच खुणा दिसतात: लाल कडेचा, कोपऱ्यावर उभा चौकोन आणि आत काळं चित्र. अशा एकूण नऊ खुणा आहेत. नव्या माणसानं निदान चार पाठ करून ठेवाव्यात. हातावर आणि धातूवर थेंब पडतोय अशी खूण म्हणजे त्वचा, डोळे जाळणारं. ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. कवटी म्हणजे थोड्या प्रमाणातही विषारी. आणि माणसाच्या छातीत चांदणी फुटल्यासारखं चित्र. या शेवटच्या खुणेकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण तिच्यातला धोका लगेच जाणवत नाही. दमा जडवणारी आणि कॅन्सरचा धोका असणारी रसायनं याच खुणेखाली येतात.

प्रत्येक रसायनाची एक सेफ्टी डेटा शीट असते. तिचे १६ भाग असतात आणि सगळे वाचत बसायची गरज नाही. भाग २ मध्ये धोके, ४ मध्ये प्रथमोपचार, ६ मध्ये सांडल्यावर काय करायचं, ८ मध्ये कोणते हातमोजे, चष्मा, मास्क, आणि १० मध्ये कशाबरोबर एकत्र येऊ द्यायचं नाही. एवढे पाच भाग वाचा. भाषा अडली तर कुणाकडून तरी वाचून घ्या आणि वहीत आपल्या शब्दांत उतरवा. शीट मागायला संकोच वाटू देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९० सालच्या रसायनांविषयीच्या १७० क्रमांकाच्या करारात कामगाराचा हा हक्क मान्य केलेला आहे: आपण काय हाताळतोय हे जाणून घेण्याचा, आणि गंभीर धोका समोर दिसत असेल तर तिथून बाजूला होण्याचाही.

पायरी ३: काहीही कशातही मिसळायचं नाही

या पायरीवर मी जरा थांबणार आहे, कारण माझी स्वतःची मोठी चूक इथलीच आहे.

कामाला लागून तीन आठवडे झाले होते. वॉर्डाच्या टोकाला एक बाथरूम होतं, खिडकी वर आणि अर्धी बंद. भांड्यात आम्लाचा क्लीनर टाकून ठेवला होता. डाग जाईनात, म्हणून बादलीतलं हायपो त्यावर ओतलं. दोन्ही सफाईचीच औषधं आहेत, दोन्ही मिळून दुप्पट काम करतील, असा माझा साधा हिशेब. पहिल्या क्षणी काही वाटलं नाही. भांड्यात हलका बुडबुड्यांचा आवाज झाला. मग एकदम कुणीतरी घशात तिखटाची मूठ कोंबावी तसं झालं. श्वास आत जाईना. डोळ्यांतून धारा लागल्या. भिंत चाचपत मी बाहेर आले, दोन मिनिटं खोकले, आणि मग त्याहून मोठी चूक केली: बादली आत राहिली म्हणून परत आत गेले.

संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की झालं-गेलं संपलं. रात्री मात्र धाप लागली आणि घरच्यांनी मला दवाखान्यात नेलं. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे.

झालं होतं ते असं. हायपोमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे तो खाली, फरशीजवळ साठतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे सफाई करणारं माणूस उकिडवं बसलेलं असतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं, निऑशनं, क्लोरीनसाठी सुचवलेली कमाल मर्यादा आहे ०.५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग, तीही पंधरा मिनिटांपुरती. बंद बाथरूममध्ये ती ओलांडायला फार काही लागत नाही. आणि जास्त प्रमाणात क्लोरीन आत गेला तर फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबायचं नसतं.

या जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हायपो आणि आम्ल: क्लोरीन. हायपो आणि अमोनिया: क्लोरामाइन, तेही फुप्फुसांना तितकंच वाईट. काचा पुसायच्या काही द्रव्यांत अमोनिया असतो हे लक्षात ठेवा. हायपो आणि अल्कोहोल: क्लोरोफॉर्म आणि इतर घातक संयुगं. हायपो आणि फॉर्मॅलिन: कॅन्सरकारक संयुग तयार होऊ शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर: पेरॅसिटिक ॲसिड, डोळे आणि घसा जाळणारं.

एक जोडी अशी आहे जी कुणी मुद्दाम मिसळत नाही, ती आपोआप मिसळते. सांडलेल्या लघवीवर थेट हायपो ओतणं. लघवीतल्या घटकांशी संयोग होऊन त्रासदायक वायू सुटतात. आधी शोषून घेणाऱ्या कागदानं किंवा कपड्यानं लघवी टिपा, डिटर्जंटच्या पाण्यानं पुसा, आणि मगच हायपो. तसंच एका रसायनाची रिकामी बादली न धुता दुसरं त्यात भरू नका. अर्ध्या बाटलीत वरून नवीन भरण्याची पद्धतही मोडून काढा. जुन्या, कमजोर झालेल्या द्रावणात जंतू वाढल्याचीही उदाहरणं आहेत.

पायरी ४: माप घेऊनच पातळ करा

“दोन झाकणं टाक” हे माप नव्हे. झाकणं वेगवेगळी असतात, कॅनवरचे टक्केही वेगवेगळे असतात.

हायपोचं गणित सोपं आहे. कॅनवर लिहिलेले टक्के भागिले हवे असलेले टक्के. जे उत्तर येईल तेवढे एकूण भाग, त्यातला एक भाग हायपो आणि बाकी पाणी. समजा कॅन ५ टक्क्यांचा आहे आणि तुम्हाला ०.५ टक्के हवंय. ५ भागिले ०.५ म्हणजे १०. एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. दहा लिटरच्या बादलीसाठी एक लिटर हायपो आणि नऊ लिटर पाणी. तेच ०.१ टक्के हवं असेल तर पन्नास भाग, म्हणजे दहा लिटरला फक्त २०० मिलिलिटर. आता कॅन बदलला आणि तो १० टक्क्यांचा निघाला, तर २०० च्या जागी १०० मिलिलिटरच लागेल. हे न पाहता जुनंच माप ओतलं तर तुम्ही दिवसभर दुप्पट तीव्र वाफ घेत काम कराल, आणि फरशी त्यानं दुप्पट स्वच्छ होणार नाही.

कुठे किती तीव्रता, हे तुमच्या संस्थेची संसर्ग नियंत्रण समिती ठरवते. साधारणपणे आधी साफ केलेल्या पृष्ठभागांना ०.१ टक्के आणि रक्त सांडलेल्या जागी ०.५ टक्के असं सांगितलं जातं. काही ठिकाणी रक्तासाठी १ टक्का वापरतात. भिंतीवर तक्ता नसेल तर लावायला सांगा. कधी कधी तीव्रता पीपीएममध्ये लिहिलेली असते; तेव्हा १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता प्रत्यक्ष कृती. बादली कमरेच्या खाली, जमिनीवर ठेवा, टेबलावर नको. चष्मा आधीच डोळ्यांवर. आधी पाणी, मग त्यात रसायन. उलटं केलं की शिंतोडे तोंडाकडे येतात आणि फेस होतो. पाणी थंड घ्या. गरम पाण्यानं हायपो लवकर निकामी होतं आणि वाफही जास्त सुटते. कॅन तिरका करताना त्याचं तोंड स्वतःकडे नको, आणि चेहरा बादलीच्या बरोबर वर नको; एक पाऊल मागे, हात लांब. मोजपात्र लगेच धुवा. बादलीवर काय आहे, किती टक्के, आणि कधी बनवलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी नवीन बनवा, कारण पातळ केलेलं हायपो टिकत नाही.

पायरी ५: हातमोजे, चष्मा, मास्क

शस्त्रक्रियेच्या खोलीत रबराचे हातमोजे कसे आले, ही हकीकत मला फार आवडते. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या मुख्य परिचारिकेच्या हातांना मर्क्युरिक क्लोराइडच्या जंतुनाशक द्रावणानं पुरळ उठायला लागलं. तिथले सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. रुग्णाला संसर्ग होऊ नये हा विचार नंतर आला. पहिला हातमोजा आला तो काम करणाऱ्या बाईचा हात रसायनापासून वाचवायला. इन्चार्ज हातमोजे द्यायला खळखळ करत असतील तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

तपासणीचे पातळ हातमोजे सफाईला चालत नाहीत. जाड, कोपराच्या दिशेनं लांब असलेले रबरी किंवा नायट्राइलचे घ्या. ग्लुटाराल्डिहाइड हाताळायचं असेल तर पातळ लॅटेक्सवर विसंबू नका. नायट्राइल किंवा ब्यूटाइल रबर लागतं. घालण्याआधी हातमोज्यात हवा भरून तोंड पिळा आणि गालाजवळ धरा. बोटाच्या टोकाला भोक असेल तर हवेची झुळूक गालाला लागते. अंगठ्या काढा, कारण त्यांच्याखाली अडकलेला थेंब तासन्‌तास त्वचेवर बसून राहतो. उंचावरचं काही पुसायचं असेल तर हातमोज्याची कड बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडा. हात वर केल्यावर ओघळ त्या घडीत थांबतो, कोपरापर्यंत जात नाही.

काढताना आधी हातमोजे घातलेलेच हात पाण्यानं धुवा, मग काढा. आत घाम साचला की त्वचा मऊ पडते, म्हणून मधेमधे काढून हात कोरडे करा. दिवसाच्या शेवटी साधं मलम चोळा. भेगा पडलेली त्वचा रसायनाला दार उघडं करून देते.

मास्कबद्दल एक मोठा गैरसमज आहे. साधा सर्जिकल मास्क शिंतोडे अडवतो. एन-९५ बारीक कण अडवतो. वायू आणि वाफ यांतून दोन्ही मास्क तुम्हाला वाचवत नाहीत. त्यासाठी योग्य कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि तो चेहऱ्याला नीट बसतो का हे तपासून घ्यावं लागतं. एन-९५ लावलाय म्हणून बंद खोलीत हायपोची बादली घेऊन अर्धा तास बसणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. खरं संरक्षण उघड्या खिडकीत आणि चालू एक्झॉस्टमध्ये आहे.

पायरी ६: काम करताना

फवारू नका, पुसा. माझा हा आग्रह आहे. स्प्रेच्या बाटलीतून उडणारे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट श्वासात जातात. रसायन कापडावर घ्या, कापड पिळा, आणि पुसा. वेळ तेवढाच लागतो. शिवाय खोलीत रुग्ण असतोच, आणि त्यालाही दमा असू शकतो.

अल्कोहोल गरम यंत्रांवर, चालू स्विचजवळ वापरू नका, ते भडकतं. मोठ्या पृष्ठभागांसाठी तर ते नकोच.

आधी डिटर्जंटनं मळ काढा, मग जंतुनाशक. रक्त, मळ यांच्यावर हायपो आपली ताकद खर्ची घालतं आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. मग माणसं ते अजून तीव्र करत जातात. पृष्ठभाग लेबलवर सांगितलेली मिनिटं ओला राहायला हवा. लगेच कोरडा पुसला तर वाफ तुम्ही घेतलीत, जंतू मात्र तिथेच राहिले.

आणि सगळीकडे जंतुनाशक लागत नाही. कार्यालयाची खोली, साधा जिना, रुग्णांपासून दूरचा पॅसेज इथे डिटर्जंट आणि पाणी बहुतेक वेळा पुरतं. तीव्र रसायन जितकं कमी उघडाल तितकं कमी शरीरात जाईल. हातमोजे, मास्क हे सगळे उपाय याच्या नंतरचे.

पायरी ७: आतल्या खोल्या

इथे नव्या माणसानं एकट्यानं, प्रशिक्षणाशिवाय पाऊल टाकू नये.

ग्लुटाराल्डिहाइड दोन टक्क्यांच्या आसपासचं असतं आणि त्यात स्कोप, म्हणजे एन्डोस्कोपीच्या तपासणीच्या नळ्या, बुडवून ठेवतात. दमा जडवण्यात याचं नाव फार वर वाचायला मिळेल. निऑशची मर्यादा ०.२ पीपीएम, आणि अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची त्याहून कडक, ०.०५. त्याचा वास येतो तेव्हाच हवेतलं प्रमाण मर्यादेजवळ पोचलेलं असू शकतं. ट्रेवर झाकण हवंच. झाकण उघडं ठेवून गप्पा मारत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि अशा वेळी मी अजूनही उठून झाकण लावते. ओपीए, म्हणजे ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, याचा वास कमी म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण तोही त्वचेवर करडे डाग पाडतो आणि ॲलर्जी आणतो.

फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, लॅबमध्ये नमुने ठेवायला वापरतात. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलं. इथिलीन ऑक्साइड, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तो वायू, त्या गटात १९९४ पासूनच आहे. अमेरिकेत त्याची आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे, आणि नाकाला त्याचा वास कळतो तो प्रमाण शेकडो पीपीएमपर्यंत गेल्यावर. म्हणजे ‘वास तर येत नाहीये’ या वाक्याला त्या खोलीत काहीच अर्थ नाही. तिथे मोजणारं यंत्र आणि अलार्म असतो. तो वाजला की आधी बाहेर, प्रश्न नंतर. गर्भवती असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर या खोल्यांतली ड्यूटी बदलून मागा. ही सवलत मागितली असं वाटून घेऊ नका.

पायरी ८: सांडलं, उडालं, श्वासात गेलं तर

डोळ्यात उडालं तर सेकंद मोजायचे असतात. लगेच नळाखाली किंवा आयवॉशवर (डोळे धुण्याच्या खास नळावर), पापण्या बोटांनी ताणून, पाणी नाकाकडून कानाकडे वाहील असं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताधुताच काढा. त्यानंतर डॉक्टर. पहिल्या दिवशीच डोळे मिटून आयवॉशपर्यंत जाता येतं का, हे एकदा करून पाहा. जिथे काम करता तिथून तो दहा सेकंदांच्या अंतरावर असायला हवा.

अंगावर सांडलं तर कपडे आधी उतरवा, लाज बाजूला ठेवून, आणि भरपूर पाणी ओता. आम्लावर अल्कली किंवा अल्कलीवर आम्ल लावून ‘उतारा’ करू नका, त्यानं जखम वाढते. पोटात गेलं तर उलटी काढू नका. जाळत गेलेलं परत जाळत वर येतं. तोंड धुवा आणि डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा.

वायू लागला तर मोकळ्या हवेत, ताठ बसून राहा. आत कोण राहिलं का ते बाहेरून हाक मारून पाहा. बादलीसाठी परत जाऊ नका. धाप, छातीत आवळल्यासारखं, सतत खोकला यांतलं काहीही असेल तर लगेच दाखवा, आणि काही तास स्वतःवर लक्ष ठेवा.

थोडं सांडलं तर स्पिल किट, म्हणजे सांडलेलं उचलायच्या सामानाचा संच, वापरा. जास्त सांडलं किंवा ग्लुटाराल्डिहाइड, फॉर्मॅलिन असेल तर माणसं बाहेर काढा, दार लावा, प्रशिक्षित माणसाला बोलवा.

पायरी ९: शरीराची नोंद ठेवा आणि बोला

वहीची मागची पानं यासाठी राखून ठेवा. खोकला, नाक गळणं, डोळे लाल, छातीत घरघर, हातावर खाज: तारीख, वेळ, त्या दिवशी कोणतं रसायन वापरलं, आणि सुट्टीच्या दिवशी कसं होतं. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच: सुट्टीत बरं वाटतं आणि ड्यूटीवर परत सुरू होतं का? तसं असेल तर डॉक्टरांना नुसतं ‘खोकला आहे’ एवढं सांगू नका. ‘मी ग्लुटाराल्डिहाइड वापरते, मी हायपो वापरते,’ असं नावानिशी सांगा आणि वही दाखवा. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं पीक फ्लो मीटर काही आठवडे, दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी वापरायला ते सांगतील. कामामुळे होणारा दमा लवकर ओळखला आणि त्या रसायनापासून दूर झालं तर बरं होण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला की तो रसायन सुटल्यावरही राहतो. आमच्या मावशींचं तेच झालं. त्यांचा खोकला आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, बारा वर्षं.

काहीही घडलं, अगदी थोडं उडालं तरी, नोंदवहीत लिहून घ्या: वेळ, जागा, रसायनाचं नाव आणि टक्के, खिडकी उघडी होती की बंद, तिथे अजून कोण होतं. इन्चार्ज म्हणाले, “एवढ्याशासाठी कशाला लिहायचं?” तर शांतपणे सांगा की लिहून ठेवलेलं बरं, आणि त्या पानाचा फोटो काढून स्वतःकडे ठेवा.